त्रेसष्ट दिवसांचं वर्ष

भाताच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा ऋजुताच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ हललेलोच नाही. ओट्यावर लॅपटॉप उघडा होता. शाल्मलीची शनिवारची शाळा सुटायला अजून थोडा अवकाश होता. तिनं गॅस बारीक केला आणि अजून न पाठवलेलं आपलं चार ओळींचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात एका ग्रहाचा शोध मागे घेतला होता. शोध तिचाच होता.

गेले आठ दिवस हे असंच चाललं होतं. ती डबा भरत होती, लेकीची वेणी घालत होती, कुणी काही विचारलं तर नीट उत्तर देत होती. रडू येईल म्हणून एकदा न्हाणीघरात जाऊन उभी राहिली. आलं नाही. मग कपडे भिजत घालून बाहेर आली.

‘वेध’ हा उपग्रह पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सावकाश फिरत राहायचा. त्यावर एकमेकींशी ठरावीक कोन करून बसवलेल्या दोन दुर्बिणी होत्या, आणि ताऱ्यांच्या जागा मोजणं एवढंच त्यांचं काम. चंद्रावर नाणं ठेवलं तर त्याच्या जाडीइतका फरकही ‘वेध’ला इथून कळला असता. सात वर्षांपूर्वी ऋजुताला एका मंद, तांबूस ताऱ्याची जागा तेवढीच डुलताना दिसली होती, दर त्रेसष्ट दिवसांनी एकदा. म्हणजे न दिसणारा एक ग्रह त्याला ओढत होता. त्रेसष्ट दिवसांचं वर्ष असलेला कोमट ग्रह, जिथं पाणी असू शकेल. तिला तेव्हा सातवा महिना होता. संस्थेत सगळे म्हणायचे, हिला जुळं होणार.

दोन वर्षांपूर्वी त्या ग्रहाकडे एक शिड निघालं. तळहाताएवढं, प्रकाशाच्या झोतानं ढकललेलं, प्रकाशाच्या एक पंचमांश वेगानं जाणारं. त्यावरच्या कणभर चकतीत बालवाड्यांमधल्या मुलांचे आवाज होते. चार वर्षांच्या शाल्मलीनं त्यात सांगितलं होतं की आम्ही येतोय, पोळ्या करून ठेवा.

मागच्या वर्षी ‘वेध’ची दिशा सांभाळणारा वायू संपत आला. तो पुरवून वापरायचा म्हणून उपग्रहाच्या आसाची गिरकी संथ केली गेली. आधी ती त्रेसष्ट दिवसांत पुरी व्हायची. दोन्ही आकडे सारखे असल्याचं सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून तर तपासणी दोनदा झाली होती. आता गिरकीला सत्तर दिवस लागू लागले. मागच्या शुक्रवारी ऋजुतानं नवी मापं मांडून बघितली. ग्रहाचं वर्षही सत्तर दिवसांचं झालं होतं.

ग्रह काही उपग्रहाचं ऐकत नाही. गिरकीबरोबर उन्हाची बाजू बदलायची, दुर्बिणींमधला कोन किंचित उघडायचा, मिटायचा, आणि इथून बघणाऱ्याला वाटायचं की तारा डुलतोय. आकाशाच्या त्या तुकड्यापुरता हा उष्णतेचा फरक मापांतून वजा करायची दुरुस्ती तिनंच केली होती, सुजलेले पाय उशीवर ठेवून. शेजारच्या एका प्रखर ताऱ्याची चकाकी वगळायची राहून गेली होती, म्हणून तो फरक पुरता वजा झाला नव्हता. एवढंच.

तिनं फोन केला तेव्हा दाभाडे सर आधी हसले. ग्रहानं बदली मागून घेतली असेल म्हणाले. तिची उमेदवारी त्यांच्याच हाताखाली झाली होती आणि शिडाच्या समितीवरही तेच होते. मग त्यांनी स्वतः आकडे तपासले आणि दोन दिवस त्यांचा फोन आला नाही. आला तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं मांडलं. शिड आता वळवता येत नाही. ‘वेध’ एकोणीस दिवसांत बंद पडेल. त्यानंतर इतकं बारीक मोजणारं जगात कुणाकडेच काही नसेल.

“अगं, पोचायलाच त्रेपन्न वर्षं आहेत अजून,” ते म्हणाले. “मी तर नसेनच. गप्प राहिलीस तर कुणाचं काय बिघडतंय?”

 नंतर भाजी निवडताना तिनं हिशेब केला. त्रेपन्न वर्षं पोचायला, तिथून निरोप यायला आणखी अकरा. शाल्मली तेव्हा सत्तर वर्षांची असेल. तिनं पिकल्या केसांची शाल्मली डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. चेहरा काही आला नाही. एक बाई कुठल्यातरी पडद्यासमोर वाट बघत बसलीय, एवढंच दिसलं. आणि तिला विचारायला आई कुठेच नव्हती.

दार ढकलून शाल्मली आत आली. चप्पल एक इकडे, एक तिकडे. पोर हात धुवायला गेली, नळाचा आवाज सुरू झाला आणि ऋजुतानं पत्र पाठवून दिलं. काहीतरी वाटेल म्हणून ती थांबली. काही वाटलं नाही. मग तिनं पान वाढलं.

भात कालवून देताना तिनं सांगितलं. शिड जिथं निघालंय तिथं ग्रह नाहीये.

शाल्मलीनं घास गिळला. “हरवला?”

“नव्हताच गं कधी. आई मोजताना चुकली.”

“मग बाईंना नको सांगूस हं. आम्ही सगळ्यांनी चित्रं काढलीयत त्याची.”

“सांगितलं मी. सगळ्यांनाच कळवलं, आत्ताच.”

शाल्मली ताटातल्या वरणात बोट फिरवत राहिली. रागावली नव्हती, विचार करत होती. तुला कधी कळलं, असं तिनं विचारलं. ऋजुता म्हणाली, मागच्या शुक्रवारी.

“म्हणजे गुरुवारी होता?”

“गुरुवारीही नव्हता, सोन्या.”

“पण गुरुवारी आपण त्याच्याबद्दल बोललो होतो.”

“हो, बोललो होतो.”

शाल्मलीनं आईकडे नीट पाहिलं. गेल्या आठ दिवसांत बहुधा पहिल्यांदाच कुणी तिच्याकडे असं पाहत होतं. मग शाल्मलीनं हळूच, जणू दुसऱ्या कुणी ऐकू नये अशा आवाजात विचारलं,

“तू परत मोजलंच नसतंस, तर राहिला असता का गं तो?”