चष्मा घातलेला ड्रायव्हर

"चला ताई, घोडेगाव! एकच सीट राहिलीय!"

नारायणगावच्या स्टँडबाहेर तो जीपवाला तिसऱ्यांदा ओरडला आणि मला हसू आवरेना. तो ज्या ताईंना बोलावत होता, त्या म्हणजे साडीच्या दुकानाबाहेरचा प्लॅस्टिकचा पुतळा होता.

"भाऊ, त्या काही यायच्या नाहीत," मी म्हटलं. "मी येते."

तो कानापर्यंत लाल झाला... आणि मग हसला. हसू गोड होतं, नाकारत नाही. पण मी बघत होते त्याच्या डोळ्यांकडं. बारीक करून, मिचकावून बघत होता बिचारा. आणि डोळे म्हणजे तर माझा धंदा.

मी यशोधरा, वारूळवाडीची. बारावी झाल्यावर घरचे म्हणाले डी.एड. कर. मी डोळे तपासायचा आणि चष्मे बनवायचा वर्षाचा कोर्स केला. आता पेटी घेऊन आठवड्याच्या बाजारात बसते. टोमॅटो निवडणाऱ्या बायांना चाळिशी लागली की तिथल्या तिथं चष्मा देते, मोतीबिंदू दिसला की दवाखान्यात धाडते. पोरीची जात, बाजारात काय बसते, असं बोलणारे पुष्कळ होते. त्यातले निम्मे आता माझ्याच चष्म्यातून पेपर वाचतात.

मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसले. मंचरच्या स्टँडपाशी समोर एसटी उभी दिसली.

"पाटी वाचा बरं."

"भीमाशंकर."

"राजगुरुनगर आहे."

"या टायमाला भीमाशंकरच असती," तो पुटपुटला. "मॅडम, रस्ता पाठ हाय मला. लायसन काढलं तवा लख्ख दिसायचं."

"रस्ता पाठ असेल. आडवं येणारं पोर पाठ आहे का?"

घोडेगाव येईपर्यंत त्यानं रस्त्यावरनं नजर काढली नाही. मला वाटलं, दुखावला. पण पॅसेंजर उतरल्यावर तो निमूट माझ्या पेटीसमोर येऊन बसला. अक्षरांच्या तक्त्याची दुसरी ओळ संपता संपता अडला. मी तपासणीच्या फ्रेममध्ये काचा घातल्या, तसा तो डोंगराकडं बघतच राहिला.

"झाडं येगयेगळी हायत व्हय... मला वाटायचं नुसतं हिरवं." मग मान वळवून त्यानं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता काय दिसतंय?"

"आता... न्हाई सांगत."

त्याचं नाव समर्थ. त्या दिवसानंतर मी त्याला भाऊ म्हटलं नाही.

पुढच्या बाजाराला त्याचा चष्मा तयार करून दिला. मग दर बाजाराला पुढची सीट माझी – तिच्यावर त्याचा टॉवेल टाकलेला असायचा. भुरभुर पावसात टपावर सामान बांधून तो खाली उतरायचा, चष्मा काढून माझ्यापुढं धरायचा आणि मी ओढणीनं काचा पुसून द्यायचे. स्वतःला पुसता येत नाही का, असं मी दरवेळी विचारायचे. "येतं की," तो म्हणायचा आणि हात तसाच पुढं ठेवायचा. चार महिने असे गेले. मला तो आवडत होता, लई आवडत होता.

एकदा परतताना नारायणगाव जवळ आलं, तसा त्यानं गुपचूप चष्मा काढून खिशात टाकला.

"हे काय?"

"स्टँडवर चेष्टा व्हती. आंधळ्याची जीप म्हणत्यात, पॅसेंजर बसत न्हाईत. काका तर..." जीप त्याच्या काकांची होती, भगवंतकाकांची; राहायचाही तो त्यांच्याच घरी.

"आणि मी? घरी माझं नाव घेतलंस कधी?"

गाडी हळू झाली.

"आमच्यात... चालत न्हाई गं."

माझं डोकंच फिरलं. "आम्ही बौद्ध म्हणून ना? माझ्या पणजोबांनी छप्पन्न साली मान वर केली, ती मी खाली घालायची नाही. आज चष्मा लपवतोस, उद्या मला लपवशील. मला तुझ्या खिशात राहायचं नाही. थांबव गाडी."

उतरले आणि चालत घरी आले. खोटं कशाला बोलू, रडले. पण तीन बाजार एसटीनंच गेले. त्याची जीप दिसली की मान फिरवायचे.

चौथ्या बाजाराला स्टँडवर पोचले, तर त्याच्या जीपभोवती ही गर्दी. समर्थ चष्मा घालून उभा. बाकीचे ड्रायव्हर "काय प्रोफेसर" करत होते आणि भगवंतकाका तापले होते.

"काढ ते. गिऱ्हाईक पळतंय."

"न्हाई काढायचा. आंधळ्यावानी चालवत व्हतो, तवा तुमाला चाललं."

"त्या पोरीनं डोक्यात भरवलंय सगळं. तिचं खूळ सोड आधी."

"यशोधरा नाव हाय तिचं," समर्थ म्हणाला. अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं. "लगीन करीन तर तिच्याशीच."

"मग जीप इसर. घरबी इसर."

समर्थनं खिशातून किल्ली काढली आणि काकांच्या हातावर ठेवली. कुणी हसलं नाही.

माझा राग अजून होताच. पेटी घेऊन मी गर्दीत घुसले.

"सगळ्या गावाला सांगितलंस. मला विचारलंस?"

तो दचकला. मग नीट माझ्याकडं वळला. "इचारतो... करशील?"

"जीप?"

"ग्येली."

"घर?"

"त्येबी."

"आणि मी धंदा सोडणार नाही. बाजारात बसणार, लग्नानंतरही."

"मी कुठं सोड म्हणतोय..."

काका काहीतरी म्हणाले, मी ऐकलं नाही. माझी पेटी त्याच्या हातात दिली.

"मग उचल ही. घोडेगावची एसटी लागलीय आणि तिथं बाया खोळंबल्यात."

आणि सगळ्या स्टँडदेखत मी त्याचा दुसरा हात धरला.