दोन नंबरच्या पलंगाच्या रेघा

तारा चिकटवण्यात फौजदार बाईंचा हात धरणारं त्या इस्पितळात कुणी नव्हतं. पेशंटच्या डोक्यावर खुणा करायच्या, केस बाजूला सारायचे, चिकट मलमाचा ठिपका लावायचा आणि त्यावर तार बसवायची. अशा एकवीस तारा त्या वीस मिनिटांत लावायच्या, तेही गप्पा मारत. मग मेंदूत काय चाललंय ते पडद्यावर रेघांनी उमटायचं आणि भिंतीवरचा कॅमेरा पेशंटला टिपत राहायचा. फौजदार हे काही बाईंचं आडनाव नव्हे, स्वभावच तसला. पोटच्या पोराला ताप आला तरी तापमापक दोनदा लावल्याशिवाय त्यांनी त्याला शाळा बुडवू दिली नाही, असं नर्सा हसत सांगायच्या. आणि ते खरंच होतं.

त्या आठवड्यात एक नंबरच्या पलंगावर चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक तरुण आई दाखल झाली. सात महिन्यांचं बाळ होतं तिला. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांनी जे झटके सुरू झाले ते झालेच. दिवसातून तीन-चारदा मान डावीकडे वळायची, मुठी आवळायच्या, अंग थडथड उडायचं, आणि चार मिनिटांनी सगळं आपोआप थांबायचं. हातातून बाळ पडलं तर काय घ्या, म्हणून सासूबाईंनी ते स्वतःकडे घेतलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? दुखणं काय ते डॉक्टर कागदावर लिहून देईपर्यंत बाळ आईच्या हाती द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. दोन्हीकडे उशा लावून, सासूबाई स्वतः धरून बसायच्या, तेव्हा कुठे तिला बाळाला पाजता यायचं. बाळाला उचलून खिडकीपर्यंत नेणं तिला सात महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि बाईंनी तेही मनात टिपून ठेवलं.

पहिल्याच दिवशी तिला दोन झटके आले. पलंग खडखडला, नर्स धावली. आणि पडद्यावरच्या रेघा? शांत. अंगाच्या हिसक्यांमुळे तारा हलल्या तेवढी खळबळ सोडली तर मेंदू जागा, स्वस्थ, जणू ती खुर्चीत बसून पेपर वाचतेय.

डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं. हे फेफरं नव्हे. फेफऱ्यात मेंदूत वीज माजते, इथे तसं काही नाही. अशा झटक्यांमागे नाना कारणं असतात. कधी हृदयाचा ठोका चुकतो, कधी साखर उतरते, कधी रक्तदाब पडतो, आणि पुष्कळदा मनाला न पेलणारं ओझं अंग बोलून दाखवतं. त्यात ढोंग नसतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण बाईंचा चेहरा ते वाचून होते.

बाईंनी मान डोलावली आणि एकही शब्द पटवून घेतला नाही. घरकाम टाळायला लोक काय काय करतात ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तिचं चित्रण तीन-तीनदा बघितलं, पण नाटक करणारा माणूस डोकं कठड्यावर आपटून घेत नाही. मग संशय सासूबाईंकडे वळला. म्हातारी घरून सरबत आणायची. ते बाईंनी एक दिवस गुपचूप बंद करवलं. झटके आले ते आलेच. हृदय तपासलं, साखर तपासली, सगळं ठणठणीत. मानसतज्ज्ञ तासभर बोलून आले आणि म्हणाले, घरात कटकट नाही, जुनी जखम नाही, या मुलीला काही सलतंय असं वाटत नाही. कुठेच काही सापडेना आणि बाईंना चैन पडेना.

अशात सासूबाई बोलण्याच्या ओघात सांगून गेल्या की बाळ पंधरा दिवसांचं असताना एकदा निळं पडलं होतं. त्यानंतर मात्र कधीच काही नाही, गुणी आहे अगदी. डॉक्टर म्हणाले, एकदा बाळाचंही बघून घेऊ. बाईंनी दोन नंबरच्या पलंगावर बाळाला सासूबाईंच्या मांडीवर घेऊन इवल्या डोक्याला तारा लावल्या. छातीवरची तार वेगळी, ती हृदयाचे ठोके दाखवते. दोन्ही पलंगांच्या तारा शेजारी ठेवलेल्या दोन सारख्याच डब्यांत जोडायच्या असत.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आईला झटका आला. तो ओसरल्यावर बाईंनी नोंदी उघडल्या. एक नंबरच्या रेघा नेहमीसारख्या गुळगुळीत होत्या. दोन नंबरच्या रेघांनी मात्र थैमान घातलं होतं. उंच, टोकदार, एका लयीत, बरोबर चार मिनिटं. वीस वर्षांत इतकं चोख फेफरं बाईंनी क्वचितच पाहिलं होतं.

बाईंनी कपाळावर हात मारला. डबे बदलले होते, आईच्या रेघा दोन नंबरवर उमटल्या होत्या! या कामात नवशिक्यांकडून होणारी चूक आज त्यांच्या हातून झाली होती. पण त्यांना हायसंच वाटलं. पोरीचं दुखणं खरं होतं, त्याला गोळ्या होत्या, आता बाळ तिला मिळणार होतं. आपण तिच्यावर उगाच संशय घेतला याची त्यांना मनापासून लाज वाटली.

सवयीने त्यांनी खालची हृदयाची रेघ मोजली. मिनिटाला एकशे अडतीस.

एक नंबरची मोजली. पंच्याण्णव.

एकशे अडतीस ठोके झटक्यात उडणाऱ्या आईचेही असू शकतात. म्हणून त्यांनी मागे जाऊन सकाळपासूनचे ठोके पाहिले. दोन नंबरवर सुरुवातीपासून तेच, एकशे तीसच्या वर. शांत असतानाही इतके जलद ठोके तान्ह्या बाळाचेच असतात. डबे बदललेले नव्हते.

मग त्यांनी चित्रण लावलं. आई पलंगावर उडत होती. बाळ आजीच्या मांडीवर एक तार चोखत तिच्याकडे बघत होतं. हसत होतं.

दुपारी सासूबाई जेवायला गेल्या तशा बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. काय विचारायचं तेच सुचेना. म्हणाल्या, मघाच्या नोंदीत जरा गोंधळ आहे. इतकंच. कुणाच्या नोंदीत, ते सांगितलं नाही.

तिने उशी नीट केली. "ताई, माझ्या कागदावर काय हवं ते लिहा," ती म्हणाली. "बाळाच्या कागदावर काही लिहू नका."



डॉक्टरांना त्यांनी सगळं दाखवलं. डॉक्टर हसले नाहीत, पण थकलेले दिसले. दणकट, खेळतं बाळ समोर आहे, म्हणाले, आणि झटके कोणाला येतायत ते आपण डोळ्यांनी बघतोय. डबे बदलले, छातीच्या ताराही उलटसुलट लागल्या असतील. होतं असं, बाई. त्यांनी आईच्या नावावर फेफरं लिहिलं, गोळ्या लिहिल्या आणि 'चूक माझी' अशा कागदावर बाईंची सही मागितली. बाईंनी आयुष्यात डबे बदलले नव्हते. दाराशी ती पोर उभी होती, हात पुढे करून, आणि सासूबाई बाळ तिच्या हातात द्यायला तयार होऊन कागदाची वाट बघत होत्या. बाईंनी सही केली.

पुढचा दीड महिना बाईंच्या तब्येतीचं काही धड चाललं नाही. चहाचा कप दोनदा हातातून सुटला, एकदा जीभ चावली गेली. वय झालं, दुसरं काय! साखर तपासून घेतली, हृदय तपासून घेतलं. ठणठणीत.

मग ती पोर तपासणीला आली. एकटीच, बाळ कडेवर घेऊन, गालांवर चांगली रया आलेली. झटका? एकही नाही, इस्पितळाची पायरी उतरल्यापासून. गोळ्या? त्या दुसऱ्याच दिवशी उलटून पडल्या, मग घेतल्याच नाहीत, डॉक्टरांना सांगू नका. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. बाळाच्या पुन्हा रेघा काढायच्या, असं त्यांनी कुणाला न विचारता सांगून टाकलं. या वेळी तिने काही लिहू नका म्हटलं नाही. तिने स्वतःच बाळाला मांडीवर घेतलं, दुपटं शेजारी ठेवलं.

बाई पडद्यासमोर स्टुलावर बसल्या. रेघा बराच वेळ शांत होत्या.

मग त्या उसळल्या. उंच, टोकदार, एका लयीत.

बाईंनी चटकन वळून आईकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. हात स्थिर. बाळ खिदळत होतं.

ती पडद्याकडे बघत नव्हती. ती बाईंकडे बघत होती.

तिने बाळाला कडेवर घेऊन उठून टेबलावरची कात्री उचलली आणि लांब ठेवली. गरम चहाचा कप सरकवला. मग दुपट्याची नीट चार पदरी घडी केली आणि बाईंच्या स्टुलाच्या डाव्या बाजूला, फरशीवर, पडल्यावर त्यांचं डोकं येईल तिथे ठेवली.