सेगोभर पाणी

"जरा सेगोभर पाणी मिळेल?"

कुंपणाशी गाडी थांबवून गुरांचा डॉक्टर मोथुसी उतरला आणि पहिलं बोलला ते हे. गुरांचे सगळे राखोळे खो-खो हसले, माझे बाबासुद्धा. माझे कान तापले. तहान लागली की आमच्या गांझीकडे पेलाभर पाणी मागतात. सेगो, म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं भांडं, मागतात ते मुलीला मागणी घालायला आलेले मामा.

"कोणी शिकवलं हे बोलायला?" मी पेला पुढे केला.

"आजीनं. तिच्या घरी पाणी सेगोतूनच प्यायचो..." तो गोंधळला. "का? काय मागितलं मी?"

"आधी काम कर."

काम म्हणजे गाई तपासणं. बाबांचा नियम सरळ होता. कळपात वळू सोडून झाल्यावर जी गाय गाभण निघणार नाही, ती शुक्रवारी खाटिकखान्याच्या ट्रकमध्ये. जी दरवर्षी वासरू देते, तिच्याच पोरी पुढे ठेवायच्या. लाडाकोडाला तिथे जागा नव्हती.

आणि खोड्यात उभी होती माझी फात्श्वाना. काळी-पांढरी, आईनं जाताना माझ्या हाती दिलेली. मोथुसीनं हात आत घातला, डोळे मिटले. मी दावं बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते...

"सांग ना."

त्यानं डोळे उघडले. इतके मऊ डोळे, आणि त्यातून हे यावं—

"रिकामी आहे."

"नीट बघ."

"नीटच बघितलं, सेथुन्या."

"बाबा लांब आहेत. गाभण म्हण. तुझं काय जातंय?"

"तू मागतेयस म्हणून जीभ वळवळतेय," तो हळूच म्हणाला. "पण नाही जमणार."

पुढच्या गाईंचं तो काय सांगत होता, ते मी ऐकलंच नाही. जाताना त्याला पाणीही विचारलं नाही.

मग माझं कशात लक्ष लागेना. ज्वारी कांडताना मुसळ हातात तसंच राही. त्याचा राग येत होता, आणि रस्त्यावर धूळ उठली की धावत बाहेर जात होते ती मीच.

शुक्रवारी ट्रक आला. मागोमाग त्याची गाडी. फात्श्वानाला मीच फळीवर चढवलं. तिनं माझा हात चाटला. मी रडले, सगळ्यांसमोर रडले.

ट्रक गेला तेव्हा तो शेजारी उभा होता. "तिची कालवड गाभण आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी सांगितलं होतं. तू ऐकत नव्हतीस."

"खरं?" विचारलं आणि माझं मलाच हसू आलं. हा माणूस कधी खोटं बोलायचा! माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलला नाही, म्हणजे माझ्याशीही खोटं बोलणार नाही.

"आज कशाला आलास? तपासायला गाय नाही."

"तहान लागलीय."

"थांब, पेला आणते—"

"पेला नको."

दावं माझ्या हातातून गळून पडलं.

"काय मागतोयस, कळतंय का आता?"

"आजीला विचारून आलोय."

"मग हे तू नाही मागायचं. मामांना पाठव," मी म्हणाले. "आणि मोथुसी... उजाडताच यायला सांग. मला धीर नाही."