नात्यातल्यांनी अर्ज करू नये

"काकू, तांदळाचा डबा जरा उघडाल का? त्यांना... आतून बघायचंय."

एवढं बोलून डेन्झिल सर स्वतःच खाली बघू लागले. यंदाच शाळेत लागलेला, एव्हरशाईन सिटीतला सभ्य मुलगा तो. लाज त्याला होती. त्याच्या हातातल्या मोबाइलवर मात्र तीन चौकोनांत तीन थोर माणसं बसली होती, लंडन, दुबई आणि टोरोंटोत, आणि आगाशीतल्या एका बाईच्या स्वयंपाकघरात तांदूळ किती उरलाय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या थोरांच्या गळ्याखाली दानाचं पुण्य उतरणार नव्हतं!

मनोरमाने डबा उघडला. दाराआड उभ्या स्वप्नालीचा चेहरा पांढराफटक पडलेला तिला दिसला आणि जिभेच्या टोकावर आलेलं वाक्य तिने गिळून टाकलं. नर्सिंगला नंबर लागलेली पोर... येत्या सोमवारी फी भरली नाही तर ती जागा पुढच्या मुलीला जाणार होती. त्या एका जागेसाठी मनोरमा डबाच काय, ट्रंकाही उघडून दाखवायला तयार होती.

डबा दाखवायला ती वाकली आणि तिसऱ्या चौकोनातला माणूस तिला दिसला. सोनेरी काड्यांचा चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट, गळ्याशी मऊ गरम कपडा... कौस्तुभ! तिचा पाठचा भाऊ!

त्यानेही पाहिलं. पाहिलं आणि हातातला कप तसाच अधांतरी राहिला.

तिच्या अंतःकरणात काय उसळलं म्हणाल तर माया नव्हे, दुःखही नव्हे, निव्वळ तिरस्कार. ह्याच माणसासाठी ती दहावीनंतर घरी बसली होती. वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, आणि पोरसवदा मनोरमा पहाटे वाडीतला सोनचाफा खुडून टोपलीतून आगाशीच्या बाजारात विकायला बसू लागली, ती कौस्तुभ शिकावा म्हणून! पुढे त्याला परदेशी जायचं झालं तेव्हा वाडी विकायची ठरली. "ताई, तुझी तेवढी सही..." असं म्हणत तो आला आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केली. शहाण्या बायका सांगतातच ना, भावाकडे वाटा मागणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही! मनोरमाने वाटा मागितला नाही, तरी माहेर काही उरलं नाही. वाडीवर सात मजली इमारत उभी राहिली, भाऊ विमानात बसला, आणि माहेर म्हणून तिच्या वाट्याला दर दिवाळीत कुरियरने येणारा चॉकलेटचा डबा तेवढा आला, तोही मधुमेहाने खंगलेल्या सदानंदच्या घरी!

सदानंद म्हणजे तिचा नवरा. टेम्पो चालवायचा. अर्ध्या अंगावरून वारं गेलं त्या आठवड्यात तिने एकदाच, आयुष्यात एकदाच, भावाला फोन केला होता. "बघतो ताई," तो म्हणाला. आणि बघतच राहिला.

मग शाळेच्या सभागृहात 'परदेशस्थ माजी विद्यार्थी शिष्यवृत्ती निधी'चा सोहळा झाला. अध्यक्ष कौस्तुभराव! शाल, नारळ, हार, आणि माइकसमोर छातीवर हात ठेवून केलेली ती घोषणा: "देणगीदारांच्या नात्यातल्यांनी अर्ज करू नये. माझ्या रक्ताच्या माणसाला यातला एक पैसा मिळाला, तर मी स्वतःला माफ करणार नाही!" अहाहा, काय तो टाळ्यांचा कडकडाट! शेवटच्या रांगेत मनोरमानेही टाळ्या वाजवल्या होत्या, कारण शेजारणी बघत होत्या. स्वप्नालीचा नर्सिंगला नंबर लागल्याचं कळल्यावर त्यानेच फोन करून सांगितलं होतं, "ताई, माझा नाइलाज आहे गं. तत्त्वाचा प्रश्न आहे." निधीला तत्त्व होतं हे तिला कळत होतं, भावाच्या खिशालाही तत्त्व असतं हे तिला त्या दिवशी कळलं.

तेव्हा तिने ठरवलं. अर्जावर नाव नको, फक्त क्रमांक, हा निष्पक्षपणाचा नियमही त्याच शहाण्याचा. मग माझी पोर त्याच्या नियमानेच घेईल! शाळेत शिकली आहे, गुण आहेत, गरज आहे. मामा कोण हे कुणी विचारलंय?

घर बघायला तो स्वतः मोबाइलवर बसेल, हे तिला कुठे ठाऊक होतं! आणि मामा कोण, नेमकं तेच आता विचारलं गेलं.

"बाई, एक विचारू?" लंडनच्या चौकोनातल्या इनेझबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "तुमच्या माहेरचं कोणी नाही का हातभार लावायला? भाऊ वगैरे?"

कौस्तुभने उगाचच चष्मा सारखा केला. मनोरमाने त्याच्याकडे सरळ बघितलं. खरं सांगितलं तर पोरीचा अर्ज जागच्या जागी बाद. आणि खोटं...? ते खोटं तरी कुठे होतं!

"भाऊ होता," ती म्हणाली. "गेला."

"अरेरे! कधी गेले?"

"झाली खूप वर्षं. आम्ही रडूनबिडून घेतलं तेव्हाच. आता आठवणही येत नाही."

"सॉरी हं बाई..." इनेझबाईंचे डोळे खरोखर पाणावले. "मला वाटतं, ही मुलगी आपण नक्की..."

"थांबा!" टोरोंटोहून चिरका, ओळखू न येणारा आवाज आला. कौस्तुभने चष्मा काढला होता. "थांबा, इनेझ. तिचा भाऊ... मी आहे. ही माझी सख्खी बहीण आहे!"

बाहेरच्या खोलीतून सदानंदचा जड आवाज आला, "मने... कोन बोललं ते? आपला कौस्तुभ ना?"

दुबईचे जितेश खाकरले. "सर, मग... म्हणजे नियम तुमचाच आहे. हा अर्ज आपल्याला..."

"बाद करावा लागेल," कौस्तुभ म्हणाला आणि ओंजळीत तोंड घालून ओक्साबोक्शी रडू लागला.

झालं! मनोरमाने डेन्झिल सरांच्या हातातून मोबाइल जवळजवळ हिसकावून घेतला.

"रडतोस कसला रे? रडून माझ्या पोरीची फी भरली गेली का? इतकी वर्षं गप्प बसलास, पाच मिनिटं आणखी गप्प बसवलं नाही तुला? तिच्या गुणांवर मिळत होतं ते! तिथेही तुझा मोठेपणा आडवा आला!"

"ताई, तू... तू मला मेला म्हणालीस गं..."

"मग?"

"ते ऐकूनही गप्प बसलो असतो, तर ते खरंच झालं असतं..."

मनोरमाने लाल बटण दाबलं. मोबाइल सरांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "चहा घेऊन जा, सर. तुमची काही चूक नाही."

स्वप्नाली रडली नाही. "आई, मी एव्हरशाईनच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागते," एवढंच म्हणाली. ते ऐकून मात्र मनोरमाचं काळीज दुभंगलं... पुन्हा एक मुलगी घरी बसणार!

रविवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. कौस्तुभ उतरला, एकटाच, हातात एक बॅग, डोळे सुजलेले.

"फोटोवाला कुठे राहिला?" मनोरमाने उंबऱ्यातूनच विचारलं.

"ताई, मी अध्यक्षपद सोडलं."

"मग? टाळ्या झाल्या असतील."

"नाही झाल्या." तो खाली बघत राहिला. "जितेश म्हणाला, बहिणीला अशी ठेवून तुम्ही आम्हाला नियम शिकवत होतात? विनिता बोलत नाहीये माझ्याशी. तिला मी सांगितलं होतं, ताईकडे नियमित पैसे पाठवतो म्हणून..."

"बायकोशीही खोटं!" मनोरमा हसली, आणि ते हसू थोबाडीत मारल्यासारखं होतं. "तिथेही तत्त्वच आडवं आलं असेल!"

"मला लाज वाटायची, ताई. तुझ्या घरात पाऊल टाकलं की मी कुणाच्या जिवावर मोठा झालो ते आठवायचं. म्हणून शाळेला दिलं. शाळा काही बोलत नाही ना..." त्याने बॅग खाली ठेवली. "फी मी भरतो. निधीतून नाही, उपकार म्हणून नाही. मामा म्हणून. एवढं करू दे गं!"

आतून सदानंदने हाक मारली, "मने, उन्हात उभा आहे तो. पानी तरी दे. राग मग कर."

तिने पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला. "पैसे टाकून पळायचं नाही," ती अखेर म्हणाली. "उद्या कॉलेजात यायचं. रांगेत उभं राहायचं. सगळ्यांसारखं."

सोमवारी विरारच्या त्या कॉलेजात ना शाल होती ना नारळ. खिडकीसमोर लांबलचक रांग, घामाने भिजलेले पालक, आणि आत एक खेकसणाऱ्या मॅडम. परदेशस्थ माजी विद्यार्थी कौस्तुभराव सकाळपासून स्वप्नालीच्या फायली छातीशी धरून उभे होते. एकदा फोटो विसरला म्हणून परत पाठवलं, एकदा झेरॉक्स कमी पडली म्हणून. "ओ काका, सही कुठे करताय? खाली करा, खाली! वाचता येत नाही का?" मॅडमनी सर्वांदेखत झापलं, आणि टोरोंटोतला तो साहेब "हो मॅडम, सॉरी मॅडम" म्हणत ओणवा होऊन सही करू लागला. बाकावर बसून मनोरमा हे सारं डोळे भरून बघत होती. एवढं समाधान तिला कुठल्या देवळातही मिळालं नव्हतं!

झेरॉक्सच्या दुकानाकडे तो तिसऱ्यांदा धावला, तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ ओलीचिंब होती. तसाच धापा टाकत परत आला आणि स्वप्नालीला म्हणाला, "बाळ, तू खाल्लंस का काही?" मनोरमाने पदर डोळ्यांना लावला. मेल्याला आजच सुचायचं होतं हे!

"पालक म्हणून सही तुमची?" मॅडम कागद उलटवत म्हणाल्या. "वडील नाहीत तुम्ही. नातं काय?"

"मी... मामा आहे."

"मामा म्हणजे? सख्खे, का कुणी ओळखीचे? इथे कुणीही मामा होऊन येतं रोज!"

ते सांगायचा अधिकार आपला उरलेला नाही, हे निदान कौस्तुभला कळलं होतं. त्याने मागे वळून बहिणीकडे बघितलं. लहानपणी मास्तरांनी उभं केल्यावर बघायचा, अगदी तसं... स्वप्नालीही बघत होती. मागची रांग कुरकुरू लागली.

मनोरमा बाकावरून उठली, गुडघ्यावर हात ठेवत खिडकीपाशी आली.

"सख्खा आहे," ती म्हणाली. "माझ्या पाठचा. लिहा तसं. आणि अजून झेरॉक्स हवी असेल तर आत्ताच सांगा त्याला; माझे गुडघे दुखतात."