घंटा थांबली तेव्हा

पटो न पटो, हे घडलंय. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या माळरानात, डोब्रा तलावाच्या पार्कात. गेल्या वर्षी ऑक्टोबरात, भर दुपारी तीनला.

पर्यटकांचा हंगाम संपला होता. ओरिसिया तलावाकाठचं जुनं लाकडी चर्च आवरत होती. शंभर वर्षांची वास्तू, किल्ली तिच्याकडे. नवरा नेस्टर किनाऱ्यावरच्या होड्या ओढायला निघाला.

"टोपी घाल. डोक्यावर केस उरलेत कुठे?"

"तुझ्या बडबडीनेच गळले," म्हणत तो गेला.

दहा मिनिटांत बर्फाचं वादळ आलं. खिडकीबाहेर नुसतं पांढरं...

अशा पांढऱ्यात माणूस दारापासून दहा पावलांवर गोठून मेल्याचं ओरिसियाने ऐकलं होतं. तिने घंटेचा दोर धरला. इथली जुनी रीतच ती. वादळात घंटा वाजवायची, चुकलेला माणूस आवाजावर येतो. शेवटचा आत आल्याशिवाय थांबायचं नाही.

ती वाजवत राहिली. दाराकडे पाठ, डोळे खिडकीवर.

मग मागे दार करकरलं.

बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज...

"आलो," कोणीतरी म्हणालं.

"आलास रे बाबा!" तिने दोर सोडला. वळली.

कोणी नव्हतं.

दारापासून बाकांपर्यंत ओली पावलं. एकाची नव्हेत. आठ-दहा जणांची. आणि परत जाणारं एकही नाही...

म्हणजे नेस्टर बाहेरच होता. आणि घंटा बंद होती.

तिने पुन्हा दोर धरला. तळहात सोलून निघाले. पाठीमागे बाक करकरत होते. तिने मान वळवली नाही.

अर्ध्या तासाने नेस्टर आला. रांगत. ओठ निळे.

"घंटा का थांबवलीस?"

"मला वाटलं, तू आलास."

त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला.

"थांबली तेव्हा कोणीतरी माझा हात धरला, ओरिसिया. म्हणालं, बस इथेच. आम्हीही असेच बसलो होतो."

नेस्टरची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, थंडीने माणसाला भास होतात. असतीलही.

पण यंदा पहिला बर्फ पडला आणि नेस्टर चहा अर्धा टाकून उठला. बूट चढवायला लागला.

"कुठे निघालास?"

"बोलावतायत," तो म्हणाला. अगदी सहज.

ओरिसियाने घराच्या दाराला कुलूप घातलं. ती किल्ली आता झोपतानाही तिच्या गळ्यात असते. आणि हिवाळा अजून पाच महिने आहे.