चौथं वळण

सात अठराची आम्स्टरडॅमची गाडी आल्मेरेहून सुटली आणि सुरुचीनं डोळे मिटले. तिचा उजवा हात माशासारखा हवेत सुळसुळू लागला. डावीकडे, उजवीकडे... खांदेही बरोबरीनं झुकत होते. मग एकाएकी हात अडकला. श्वासही.

"मळमळतंय का? माझ्याकडे आवळासुपारी आहे."

तिनं डोळे उघडले. समोर एक तरुण, मांडीवर लॅपटॉप, हातात छोटीशी डबी. मराठीत विचारायचं कारण उघड होतं. मघाशी ती फोनवर आईशी बोलत होती आणि स्वारीनं ते कान देऊन ऐकलं होतं.

"मळमळत नाहीये. मी डोंगर उतरतेय."

"इथे?" त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. भिजलेली सपाट कुरणं, पार क्षितिजापर्यंत. "इथे तर आपण समुद्रापेक्षाही खाली बसलोय!"

तिला हसू आलं. मग सांगावंच लागलं. ती स्कीवरून डाउनहिलच्या शर्यती करायची, बर्फाच्या उतारावरून ताशी शंभरावर वेगानं. शर्यतीआधी सगळेच खेळाडू असं डोळे मिटून, हातानं, अख्खा उतार मनातल्या मनात उतरतात. पण गेल्या जानेवारीत ऑस्ट्रियात, चौथ्या वळणाला, तिचा गुडघा गेला होता. गुडघा जुळून आला. हात मात्र रोज त्याच वळणावर गोठायचा. येत्या जानेवारीत तोच उतार होता. पहिल्या तिसांत आली नाही, तर संघातली जागा जाणार होती.

"आणि... सोडून दिलं तर?"

"सोडायला मी काय छंदवर्ग लावलाय?"

त्याचं नाव अश्वजित. आम्स्टरडॅमला आयटीत नोकरी. दुसऱ्या दिवशी तो फोनवर घड्याळ लावूनच बसला होता. "एकेचाळीस सेकंदांना अडकलात." आठवड्यानं, "पुन्हा एकेचाळीस. निदान वक्तशीर तरी आहेस!" अहोजाहो कुठल्या स्टेशनावर उतरून गेलं, दोघांनाही कळलं नाही.

"हसायला काय जातंय? करून बघ ना," एकदा ती चिडून म्हणाली.

त्यानं खरंच डोळे मिटले. महिनाभर बघून उतार त्याला पाठ झाला होता. पहिलं वळण, दुसरं, उडी, तिसरं... आणि चौथ्याला महाशय सरळ उजवीकडे निघाले.

"अरे, उताराच्या कडेच्या जाळीत जाशील! डावीकडे!" तिनं त्याचा हात पकडला, वळवला, दाबून धरला, पुढच्या वळणात सैल सोडला... आणि थबकली.

चौथं वळण मागे पडलं होतं.

काचेवरून पावसाचे थेंब आडवे पळत होते आणि हात अजून हातातच होता.

जानेवारीत, त्याच उताराच्या माथ्यावर, शर्यत सुटायच्या फाटकाशी उभी राहून सुरुचीनं पुन्हा एकदा डोळे मिटले. गुडघ्याला तिनं दटावलं, "आज नाटकं नकोत." मग तिनं स्वतःला उतारावर झोकून दिलं. चौथ्या वळणाला बर्फ तसाच निळा, तसाच कडक होता. मांडी थरथरली, स्की करकरली. डावीकडे! दाबून धर... सोड!

ती सव्विसावी आली.

आईच्या आधी तिनं त्याला फोन लावला. "राहिले मी संघात!"

"माहितीये. गाडीत बसून, फोनवर शर्यत ऐकत तुझ्याबरोबरच उतरलो, डोळे मिटून. शेजारच्या डच आजी घाबरून 'गाट हेत?' विचारत होत्या. बरा आहे ना म्हणून!"

ती हसली. मग म्हणाली, "खरं सांग... त्या दिवशी चौथं वळण मुद्दाम चुकलास ना? माझ्यासाठी?"

"नाही गं. तेव्हा खरंच चुकलो होतो." पलीकडे गाडीची घरघर ऐकू येत राहिली. "त्यानंतर मात्र... रोज मुद्दाम चुकत आलोय. तू हात धरतेस म्हणून."

थंडीनं लाल झालेले तिचे गाल आणखी लाल झाले.

"सोमवारी येतेय," ती म्हणाली. "सात अठराची. समोर नको बसूस आता... शेजारी बस."