एकशे सव्वीसवरचा फोन

मंगळवारी रात्री सव्वाअकराला केळ्यांच्या एका पॅकिंग कारखान्याच्या ऑफिसात दोघंच होते. लॅपटॉपपुढे नोएमी, आणि शेजारच्या खुर्चीत तिचे वरिष्ठ, गालो. त्यांच्या हातात अर्धा खाल्लेला बोलोन, कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा. दिवसा बंदरात जहाज भरत असतं, फोन बंद ठेवून चालत नाही. म्हणून नवे इंटरनेटवरचे फोन रात्रीच सुरू करायचे होते. फाटकावर वॉचमन विल्फ्रिदो एकटाच.

"झालं, मायेस्त्रो," नोएमी गालोंना म्हणाली. "कोणते आकडे दाबले की फोन कुठे जाईल, यंत्राला सगळं शिकवलं. शंभर ते एकशे वीस आतले नंबर. बाहेर लावायचा तर आधी नऊ. उठा, माचालाची शेवटची बस जाईल."

"आणि रुग्णवाहिकेचा नऊ-एक-एक?"

"तो बाहेरचाच ना? आधी नऊ, मग नऊ-एक-एक. प्रत्येक फोनवर चिठ्ठी चिकटवलीये."

"जीव घाबरा झालेला माणूस चिठ्ठी वाचतो?"

नोएमीने कपाळाला हात लावला. "तुमची एकेक शंका अर्ध्या तासाची असते."

"ही तेवढीच आहे. बसून ऐक." गालोंनी बोलोन कागदात गुंडाळून ठेवला. "माझ्याबरोबर कामाला उल्बिओ नावाचा एकजण होता. त्याची हकिकत आहे, आणि ती याच ऑफिसातली आहे. नऊ वर्षं झाली. मार्चातला गुरुवार. फाटकावर तेव्हा सेगुंदो म्हणून म्हातारा असायचा. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्याच्या छातीत कळ आली. त्या पत्र्याच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. टेबलावर ऑफिसचा फोन होता, नंबर एकशे सव्वीस. त्याने नऊ-एक-एक दाबलं. फोनने पहिला नऊ बाहेरच्या लाइनसाठी घेतला. उरले एक आणि एक. फोन पुढच्या आकड्यांची वाट बघत राहिला. मग नुसतं टूं-टूं. सकाळी बायका कामावर आल्या, तेव्हा रिसीव्हर त्याच्या मुठीत होता."

"फोनचे ते नियम उल्बिओचे?"

"उल्बिओचेच. चिठ्ठीसकट."

नोएमीने लॅपटॉपवरचा हात काढला.

"पुढच्या मंगळवारी मालकाने त्याला दुरुस्तीला धाडलं. रात्री, एकट्याला. त्याने आधी कॉलची यादी उघडली. एकशे सव्वीसवरून नऊ-एक-एक. सतरा वेळा. दोन दहा ते दोन एकतीस. एकवीस मिनिटं. नोकरी जाईल म्हणून त्याने त्या सतरा ओळी पुसल्या."

"पुसल्या?"

"पुसल्या. यादी पुन्हा उघडली. एक ओळ होती. एकशे सव्वीस. नऊ-एक-एक. वेळ… तो यादी बघत होता, त्याच मिनिटाची."

"फाटकावरून कुणीतरी—"

"फाटकावरचा फोन त्याच्यासमोर टेबलावर होता. वायर काढलेला."

शीतगृहाचं यंत्र बंद पडलं. एकदम शांत झालं.

"त्याने ती पुसली. परत आली. पुसली… परत आली." गालोंचा अंगठा टेबलावर घासत होता. "मग तो पळाला. नियम दुसऱ्याने बदलले. पण तोवर एकशे सव्वीस बंद करून टाकला होता. म्हाताऱ्याचा फोन लागायचा तो राहिलाच."

"आणि सेगुंदोच्या बायकोला हे कुणी सांगितलं? सतरा वेळा लावला होता म्हणून?"

गालो बोलोनचा कागद नीट करत बसले.

"नऊ वर्षं, मायेस्त्रो! तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही तोंड शिवून बसलात?"



नोएमीचे कान तापले होते. तिने नियमांची यादी ओढली आणि सगळ्यात वर नवा नियम लिहिला: कुठल्याही फोनवरून नऊ-एक-एक दाबलं, तर थेट बाहेर. जतन केला. अकरा बावन्न.

आता चाचणी. फोनचं यंत्र नवं, म्हणजे कॉलची यादी कोरी असणार. तरी तिने ती उघडली.

एक ओळ होती.

तिने फाटकावर, एकशे वीसला फोन लावला. "विल्फ्रिदो, आत्ता कुठे फोन लावलात?"

"मी? छे हो, इंजिनिअर बाई. कलिंगड खातोय. हात चिकट आहेत माझे."

"बरे आहात ना?"

"बरा आहे. का हो?"

तिने फोन ठेवला. पडद्यावर एकशे सव्वीस. नऊ-एक-एक. अकरा बावन्न. आणि शेवटच्या रकान्यात… उत्तर मिळालं.

एकशे वीसच्या पुढे तिने एकही नंबर दिला नव्हता.

गालोंचा हात माउसकडे सरकला. नोएमीने तो हात धरला. गार होता.

"नाही," ती म्हणाली. "ही पुसायची नाही."

बस गेली. दोघं तिथेच बसून राहिले. उजाडल्यावर बायका कामावर आल्या, तेव्हाही ती ओळ तिथेच होती. कॉल किती वेळ चालला, तेही त्या ओळीपुढे आता दिसत होतं.

एकवीस मिनिटं.